वर्षाला एक डॉलर

आमच्या गोव्यात वर्गणी मागायला दारात आलेल्या माणसाला आधी पावतीपुस्तक दाखव, असे सहसा कोणी म्हणत नाही. आधी विचारतात, ‘तूं कोणालो?’ म्हणजे कुणाचा मुलगा, कुठल्या वाड्यावरचा, आईचे माहेर कुठले. ही उत्तरे जुळली की मग देवळाचा जीर्णोद्धार असो, जत्रेतले नाटक असो की वाचनालयाचे कपाट असो, आकडा आपोआप ठरतो. पैसा मागितला जातो कामासाठी, पण दिला जातो माणसाला. मी सरकारी कचेरीत अनुदानाच्या फायली हाताळणारा माणूस. आमच्याकडे सगळा कारभार उलटा. अर्जदार कोण याच्याशी आम्हांला कर्तव्य नाही. ठराव, अंदाजपत्रक आणि खर्च झाल्यावर विनियोगाचा दाखला असला की पुरे. ओळखीच्या पैशाला मात्र असा दाखला जोडता येत नाही. म्हणूनच की काय, त्याचा हिशेब फार वर्षे चालू राहतो.

हा विचार डोक्यात यायला निमित्त झाले पलसाण्याचे. सुरतेजवळ, महामार्गावर हे तालुक्याचे गाव आहे. आसपास कापड रंगवण्याच्या आणि छपाईच्या गिरण्या. माझा मामेभाऊ अशाच एका गिरणीत हिशेबनीस आहे. दिवाळीआधी काही दिवस मी त्याच्याकडे गेलो होतो. संध्याकाळी एक तरुण आला. गिरणीत कापड तपासून घड्या घालणाऱ्या खात्यात काम करणारा, व्यारा बाजूचा आदिवासी ख्रिस्ती. दिवाळीत गिरण्या बंद असतात. त्या सुट्टीत तो आपल्या मंडळीतल्या लोकांबरोबर डांगातल्या गावांत दोन आठवडे जाणार होता. भजने, प्रार्थना, मुलांचे वर्ग, थोडीफार औषधे. निम्मा खर्च मंडळी करणार, निम्मा ज्याने त्याने आपल्या ओळखीतून उभा करायचा. त्याच्याजवळ एक वही होती. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात ओळख कशी, तिसऱ्यात काय कबूल केले ते : पैसे, तांदूळ किंवा नुसती प्रार्थना. माझ्या भावाच्या नावापुढे दुसऱ्या रकान्यात लिहिले होते, ‘आईच्या आजारात आगाऊ पगार मिळवून दिला.’

भावाने पाचशे रुपये दिले. तरुण गेल्यावर तो मला म्हणाला, ‘देवळाला देतो तसे दिले. पण तिथे जाऊन हा नेमके काय करणार, ते विचारायचा मला हक्क आहे का? आणि मला ते पटले नाही तर?’ आतून वहिनी म्हणाली, ‘विचारायचेच होते तर देण्याआधी विचारायचे.’

दोघांचेही बरोबर होते. आणि हाच वाद सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात आणि बॉस्टनमध्ये फार मोठ्या माणसांत झाला होता. तो आज सांगायचा आहे. पण त्याआधी थोडे आपल्या घरचे.

आपल्या गोव्यात ख्रिस्ती मिशन आले ते ओळखीच्या पैशावर नव्हे, राजाच्या पैशावर. पोर्तुगालच्या राजाला पोपने जे धर्मविषयक अधिकार दिले होते, ज्याला ‘पाद्रोआदो’ म्हणतात, त्यात पाद्री पाठवणे, त्यांना पोसणे, चर्चेस बांधणे हे सगळे राजाचे काम होते. फादर स्टीफन्स १५७९ साली लिस्बनहून निघालेल्या पोर्तुगीज ताफ्यातूनच गोव्यात उतरला. १५४१ साली तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न सांतु फेच्या पाठशाळेकडे वळवले गेले, हेही आपल्याला ठाऊक आहे. तिथे देणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. ज्या जमिनी गेल्या त्या गांवकारांनी ‘मला हे पटले नाही’ म्हणायची सोय नव्हती. राजाच्या पैशाला तोंड असते, पण कान नसतात.

ब्रिटिश हिंदुस्थानात चित्र वेगळे होते. कंपनी सरकारला पाद्री नकोच होते. व्यापारात विघ्न येईल ही भीती. त्यामुळे तिथल्या मिशनांना स्वतःच्या देशात दारोदार हिंडावे लागले. इंग्लंडात केटरिंग गावी, एका विधवा बाईंच्या घराच्या मागच्या खोलीत, २ ऑक्टोबर १७९२ रोजी मोजकी बाप्टिस्ट मंडळी जमली आणि तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्सची वचने तिथल्या तिथे लिहून झाली. हे पैसेही रोख नव्हते, नुसते शब्द. ते कागद अँड्र्यू फुलर यांच्या तपकिरीच्या डबीत गोळा केले, असे सांगतात. त्या डबीच्या जोरावर विल्यम केरी हा एके काळचा चांभार बंगालात आला. पुढे श्रीरामपूरला पंडित वैजनाथांच्या मदतीने त्याने मराठीचे व्याकरण (१८०५) छापले, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. केरी जणू खाणीत उतरतो आहे आणि वर राहिलेल्यांनी दोर धरायचा आहे, अशी त्या मित्रांची भाषा होती. फुलर मरेपर्यंत, म्हणजे १८१५ पर्यंत, इंग्लंड-स्कॉटलंडात हिंडून हा दोर धरून राहिला.

मुंबईला १८१३ च्या फेब्रुवारीत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचे पहिले दोघे, हेही अशाच गावोगावच्या वर्गणीवर आले होते. त्यांच्याबरोबर निघालेल्या तुकडीतला ल्यूथर राइस तर १८१३ सालीच अमेरिकेला परतला आणि ब्रह्मदेशात राहिलेल्या आपल्या सोबत्यासाठी, जडसनसाठी, उरलेले आयुष्यभर पैसे गोळा करत फिरला. एकाने जायचे आणि दुसऱ्याने त्याच्यासाठी घरोघर जायचे, ही त्या काळापासूनची कामाची वाटणी. सुरतेलाही १८१५ साली लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी आले आणि त्यांनी गुजरातीत बायबल छापायला घेतले. त्यामागेही अशीच हजारो लहान लहान नावे होती. ती नावे आज कोणाला माहीत नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गंमत अशी की या देण्याघेण्याची खरी कसोटी लागली ती इकडे येणाऱ्या गोऱ्या पाद्र्यांच्या बाबतीत नव्हे, इथून तिकडे गेलेल्या एका मराठी बाईच्या बाबतीत. पंडिता रमाबाई.

त्याआधी एक पत्र. १८७८ साली कोल्हापूरहून गोपाळराव जोशी यांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना लिहिले. वाइल्डर यांनी उत्तरात धर्मांतराचा मार्ग सुचवला आणि दोन्ही पत्रे आपल्या मासिकात छापून टाकली. ते मासिक १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांच्या हाती पडले. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहताना त्यांनी ते चाळले, आणि एका अनोळखी मराठी मुलीला पत्र लिहायला घेतले. संस्थेने अट घातली होती. बाईने ओळख घातली. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेला उतरल्या त्या याच कार्पेंटरबाईंच्या घरी. पुढे आनंदीबाईंची रक्षासुद्धा त्याच कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. ‘कुणाची?’ या प्रश्नाचे याहून पक्के उत्तर कोणते असणार?

आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी रमाबाईंना बोलावले होते. रमाबाई आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. तेव्हा त्या इंग्लंडात होत्या, २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झालेला. पाठीशी नवरा नाही, बरोबर लहानगी मनोरमा. त्या काही आठवड्यांसाठी अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ पावणेतीन वर्षे राहिल्या. मनात एकच होते : हिंदू बालविधवांसाठी शाळा. पैसे शून्य.

त्यांनी काय केले ते आमच्यासारख्या फायली चालवणाऱ्यांनी शिकण्यासारखे आहे. एखाद्या धनिकाकडे जाऊन मोठा आकडा मागितला नाही. १८८७ मध्ये ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक काढले; प्रस्तावना बॉडलीबाईंची. गावोगाव व्याख्याने दिली. आणि १३ डिसेंबर १८८७ ला बॉस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. तिची रचना अशी की ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ म्हणजे मंडळे काढायची, आणि मंडळाच्या प्रत्येक सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर, दहा वर्षे द्यायचा.

यातला कणा डॉलर नव्हे, दहा वर्षे हा आहे. एकदाच शंभर डॉलर देणारा माणूस पावती घेतो आणि विसरतो. दर वर्षी एक डॉलर देणारी बाई दर वर्षी विचारते, ‘त्या मुलींचे काय झाले हो?’ मंडळात शेजारीण शेजारणीला आणते, बहीण बहिणीला. म्हणजे रमाबाईंना न पाहिलेली बाईसुद्धा पाहिलेल्या बाईच्या ओळखीवर देते. परक्या देशात, जिथे ‘तूं कोणाली?’ याचे उत्तर द्यायला एकही गाववाला नाही, तिथे या बाईंनी दहा वर्षांपुरती का होईना, नाती तयार केली. आपल्या देवस्थानांचे कुळावी देशोदेशी पांगलेले असतात आणि तरी वर्षाचा नेम पाठवतात, तसेच काहीसे.

पण नाते आले की शर्त आली. बॉस्टनच्या या संस्थेत निरनिराळ्या पंथांचे लोक होते. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन. त्यांनी ठरवले की शाळा कोणत्याही पंथाची असणार नाही, मुलींवर धर्म लादला जाणार नाही. रमाबाईंनी ते मान्य केले. आणि ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षे झाली त्या तारखेला, मुंबईत चौपाटीवर ‘शारदा सदन’ सुरू झाले. १८९० मध्ये ते पुण्याला गेले. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती.

पुढचा वाद पुष्कळांना माहीत आहे. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडे असे. मुली येऊन बसत. काहींचा ओढा तिकडे वाढला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. शेवटी १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी राजीनामे दिले, आणि वीसेक मुलींना पालकांनी काढून नेले.

या प्रकरणावर आपल्याकडे दोन ठरीव मते आहेत. एक म्हणजे परदेशी पैसा होता, मग दुसरे काय होणार? दुसरे म्हणजे सनातनी पुण्याने एका थोर बाईचा छळ केला. मला दोन्ही अपुरी वाटतात. पहिल्याबद्दल बोलायचे तर परदेशी पैशाची शर्त मुली बाटवा अशी नव्हती, बाटवू नका अशी होती. म्हणजे या बाबतीत बॉस्टन आणि पुणे एकाच बाजूला होते. दुसऱ्याबद्दल सांगायचे तर रानडे-भांडारकर हे काही सनातनी नव्हेत. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी स्वतः शिव्या खाल्लेल्या. त्यांचे म्हणणे एवढेच की आम्ही आमच्या शब्दावर लोकांना मुली पाठवायला सांगितले. तो शब्द आता आम्हांला पाळता येत नाही.

इथेच मला हिशेबातली खरी नोंद दिसते. अमेरिकेतल्या बायकांनी वर्षाला एक डॉलर दिला. पुण्याच्या घरांनी मुली दिल्या. मोठे देणे कुणाचे? डॉलर देणारीला दर वर्षी छापील अहवाल मिळत होता. मुलगी देणाऱ्या बापाकडे काय होते? रानडे यांचे तोंड. तेवढ्या एका ओळखीवर त्याने, जातभाईंचा राग ओढवून घेत, केशवपन झालेली मुलगी ख्रिस्ती बाईच्या घरात ठेवली होती. म्हणून त्याचा ‘विचारायचा हक्क’ सर्वांत मोठा होता.

आणि रमाबाईंची बाजू? ती लहान नाही. त्यांनी कोणाला जबरदस्तीने बसवले, असे कोणी सिद्ध केले नाही. त्यांचे म्हणणे, मी माझ्या घरात, माझ्या देवाची प्रार्थना दार लावून का करू? मुलींना त्यांची पूजाअर्चा मोकळी आहे, तशी मला माझी का नसावी? एका बाईला, तीही विधवा, ‘तू शिकव, पण तुझ्या मनात काय आहे ते दिसू देऊ नकोस’ असे सांगणे, हे मागणे सोपे आहे का? दार लावायचे की उघडे ठेवायचे, एवढ्यावर सगळे प्रकरण होते. शर्तीच्या कागदात दाराचा उल्लेख नसतो. कागद जिथे संपतो तिथून ओळखीचा हिशेब सुरू होतो.

बॉस्टनने मात्र दहा वर्षांचा शब्द पाळला. मुदत संपत आली तेव्हा, १८९८ मध्ये, रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या, हिशेब दिला, जुनी संस्था मिटली आणि नवी ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ निघाली. तोवर केडगावला मुक्तिसदन उभे राहत होते. आधी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, आणि मग १९०० च्या दुष्काळात, ज्याला गुजरातेत अजून ‘छप्पनियो’ म्हणतात, गुजरात-राजपुतान्यातून शेकडो मुली तिथे आणल्या गेल्या. केडगावात झाकपाक नव्हती. ते उघड ख्रिस्ती घर होते. पैसे मागण्याची रीतही बदलली. जॉर्ज म्यूलर आणि हडसन टेलर यांची चरित्रे-लेखन वाचून रमाबाईंचा कल असा झाला होता की माणसापुढे हात पसरायचा नाही, देवाकडे मागायचे. तरीही अहवाल जात होते, पत्रे जात होती, आणि ‘मुक्ती प्रेयर बेल’ नावाचे पत्रक निघत होते. म्हणजे मागणे थांबले, कळवणे थांबले नाही. ओळखीने उभे केलेले काम ओळखीशिवाय चालत नाही, मग ते कोणत्याही देवाच्या नावे असो.

रमाबाईंनी यातून एक धडा घेतला असे मला वाटते. जे करायचे आहे ते आधी सांगावे. मग कमी लोक देतील, पण जे देतील ते डोळे उघडे ठेवून देतील. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यांनी तोच धडा दुसऱ्या टोकाने गिरवला. कुणाच्या पगारावर आहोत हे लोक पाहतात, आपण काय म्हणतो ते नंतर ऐकतात, हे त्या कवीला कळले होते.

तर मग देणाऱ्याचा हक्क कोणता? मी माझ्यापुरते उत्तर असे मांडतो. देणाऱ्याला विचारायचा हक्क आहे, आणि न पटल्यास थांबायचा हक्क आहे. चालवायचा हक्क नाही. घेणाऱ्याला आपल्या मनाप्रमाणे चालायचा हक्क आहे, पण देणारा थांबला तर त्याला कृतघ्न किंवा शत्रू म्हणायचा हक्क नाही. रानडे आपले नाव काढून घेऊन थांबले. रमाबाई चालत राहिल्या. दोघांनीही आपापला हक्क वापरला. त्या वादातले कडवट शब्द विसरले तर एवढे स्वच्छ देणेघेणे आपल्या सार्वजनिक आयुष्यात फार वेळा झालेले नाही.

आणि त्या डॉलरचे पुढे काय झाले? शारदा सदनात अगदी आरंभी आलेल्या विधवांत देवरुखकडच्या जोशी घराण्यातली गोदूबाई होती. तिचे शिक्षण त्या अमेरिकन मंडळांच्या वर्गणीवर झाले. १८९३ मध्ये, ज्या वर्षी सदनावर गहजब झाला त्याच वर्षी, तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच आपल्या बाया कर्वे. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तो पूर्णपणे हिंदू वळणाचा, शारदा सदनाचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवून. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरली. १९१८ साली तर ती थेट अमेरिकेला गेली. इंग्रजी धड येत नव्हते. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले, भाषा शिकली आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी मदत मागितली.

ज्या देशातल्या बायकांनी तीस वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती मराठी विधवेवर विश्वास टाकला, त्याच देशात एक हिंदू मराठी विधवा, तितक्याच धीटपणे, दार वाजवत होती. दोघींचा देव वेगळा, वही मात्र एकच : नाव, ओळख कशी, काय कबूल केले.